यादीत नाव

ब्रह्मदेशात रात्री घरी पाहुणा मुक्कामाला राहिला तर त्याची वर्दी वॉर्डाच्या कचेरीत द्यायची, असा तिथला जुना शिरस्ता. प्रत्येक घराची एक सरकारी यादी असते. त्या छपराखाली कोण कोण राहतं ते तीत लिहिलेलं. ओळखपत्र काढायचंय, यादी आणा. पोरीला शाळेत घालायचंय, यादी आणा. आणि मध्यरात्री दारावर थाप पडली तरी ट्रंकेतून यादीच काढायची. टॉर्चच्या उजेडात नावं वाचायची, डोकी मोजायची. एक डोकं जास्त निघालं की ते कुणाचं, कशासाठी आलं, याची उत्तरं द्या. २०१६ मध्ये आँग सान सू की यांच्या पक्षाच्या सरकारनं पाहुण्यांच्या वर्दीची सक्ती काढून टाकली होती. २०२१ च्या १ फेब्रुवारीला लष्करानं सत्ता बळकावली आणि दोन आठवड्यांच्या आत ती परत आणली. २०२४ मध्ये सक्तीची लष्करभरती सुरू झाली, तेव्हा कुठल्या घरात भरतीच्या वयाचा मुलगा आहे हे शोधायला कुणाला पायपीट करावी लागली नाही.

आता अशाच एखाद्या घरातली माणसं अमेरिकेत इंडियानापोलिसच्या दक्षिण भागात एका अपार्टमेंटमध्ये राहतायत असं समजा. २०२० चा वसंत. टपालानं जनगणनेचं पत्र येतं. १ एप्रिलला तुमच्या घरात किती माणसं राहत होती? त्यांची नावं, वयं, जन्मतारखा लिहा. उत्तर गेलं नाही की काही महिन्यांनी गळ्यात बिल्ला अडकवलेला एक माणूस येतो आणि दार वाजवतो. दार उघडत नाही. तो चिठ्ठी लावून जातो, पुन्हा येतो. आत टीव्ही बंद केलेला असतो आणि पोरांना गप्प बसवलेलं असतं. इकडे शहराच्या कुठल्याशा बैठकीत टिपण होतं की या समाजाचा सहभाग कमी आहे, त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवं.

या पोहोचण्याच्या कामात मी हौसेनं थोडीफार असते. शनिवारी सकाळी एका चर्चच्या तळघरात नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करून घेते. मला सगळे ‘सयामा’ म्हणतात, म्हणजे बाई. वयानं मोठ्या पुरुषांना मी ‘पु’ म्हणते, बायकांना ‘पी’. मूळची मी रत्नागिरीची. इंडियाना म्हटलं की मक्याची शेतं आणि मोटारींची शर्यत, एवढंच इथे येईपर्यंत माहीत होतं. ब्रह्मदेश इथे भेटेल असं वाटलं नव्हतं, आणि तोही अंबाडीच्या निमित्तानं. मराठी मंडळातल्या एका काकूंनी सांगितलं की अंबाडी हवी असेल तर पेरी टाउनशिपमधल्या बर्मी दुकानात जा, तिथे गोठवलेल्या पिशव्या मिळतात. गेले. अंबाडी होती, भोपळ्याचे वेल होते, सुकटाच्या वासाला दहा पावलं मागे टाकील असं माशाचं कालवण मुरत ठेवलेलं होतं, चहाच्या आंबवलेल्या पानांची पाकिटं होती, खायची पानं आणि सुपारीही होती. गल्ल्यावरची बाई मला म्हणाली, “दीदी, थैली चाहिए?” ती दिल्लीत विकासपुरीला काही वर्षं काढून आली होती.

इंडियानापोलिसमध्ये ब्रह्मदेशातून आलेले बहुतेक लोक चिन आहेत. त्यांचा प्रांत पश्चिमेच्या डोंगरात, मिझोरामला लागून. मिझो त्यांचे भाऊबंदच. १८९९ मध्ये अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी कार्सन दांपत्य हाखा गावी आलं, तेव्हापासून हा मुलूख हळूहळू ख्रिस्ती झाला. लष्कराच्या जाचाला, वेठबिगारीला कंटाळून लोक निघाले ते काही मलेशियात, काही मिझोराममार्गे दिल्लीत. भारतानं निर्वासितांच्या आंतरराष्ट्रीय करारावर कधी सही केलेली नाही, त्यामुळे दिल्लीत संयुक्त राष्ट्रांचं कार्ड खिशात घेऊन वर्षानुवर्षं ताटकळायचं. मग एखाद्या दिवशी अमेरिकेचं बोलावणं. एकाला जागा मिळाली की त्याचे नातेवाईक मागोमाग, त्यांच्या चर्चचे लोक त्यांच्या मागोमाग. या शहराला आता गमतीनं ‘चिंडियानापोलिस’ही म्हणतात.

निर्वासिताला विमानाचं तिकीट फुकट मिळतं असा आपल्याकडे समज आहे. ते कर्ज असतं. इथे उतरल्यावर काही महिन्यांनी हप्ते सुरू होतात. पहिले तीन महिने पुनर्वसन करणारी संस्था घर, शाळा, डॉक्टर बघून देते, त्यानंतर तुमचं तुम्ही. एका वर्षानं ग्रीन कार्डाचा अर्ज करायचा, पाच वर्षांनी नागरिकत्वाचा. हे मी एकदा मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात सांगत होते तर एक गृहस्थ म्हणाले, “म्हणजे त्यांना आपल्या आधी मिळतं!” ते स्वतः एच-वन-बीवर, ग्रीन कार्डाच्या रांगेत अर्धं तप काढलेले. त्यांचं दुःख खरं आहे, पण तिळगुळाच्या वाटीवरून त्यांच्याशी काय बोलावं ते मला सुचेना.

पहिली अडचण भाषेची असते, आणि कार्यालयांना वाटतं ती भाषांतरानं सुटते. पत्रक बर्मीत करून आणलं की काम झालं. पण चिन लोकांची घरची भाषा बर्मी नाही. हाखा, फालम, तेदिम, मारा, मातू अशा कितीतरी बोली आहेत, एका खोऱ्यातली दुसऱ्या खोऱ्यात कळतेच असं नाही, आणि त्या लिहायच्या रोमन लिपीत, कारण लिहायला शिकवलं मिशनऱ्यांनी. बर्मी ही शाळेची, कचेरीची आणि सैनिकाची भाषा. शाळेत फार न गेलेल्या आजीला ती गोल गोल अक्षरं वाचता येत नाहीत, आणि जिला येतात तिला ती वाचून आपुलकी वाटेलच असं नाही. त्यात फॉन्टचा घोळ. बर्मीत वर्षानुवर्षं ‘झॉजी’ नावाचा युनिकोडशी न जुळणारा फॉन्ट चालायचा. म्यानमारनं २०१९ च्या १ ऑक्टोबरपासून अधिकृतपणे युनिकोड धरला, तरी जुन्या फोनवर नवं पत्रक उघडलं की अक्षरांची खिचडी. श्रीलिपीतल्या फायली युनिकोडमध्ये उघडताना ज्यांनी डोकं धरलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

२०२० च्या जनगणनेसाठी सरकारनं इंग्रजीखेरीज ५९ भाषांत मार्गदर्शिका काढल्या होत्या. त्यात बर्मी होती, चिन बोली एकही नव्हती. मराठी होती! आमच्या मंडळात ती मार्गदर्शिका लागेल असा एक माणूस मला आठवत नाही. सगळे सॉफ्टवेअरवाले, डॉक्टर, आणि इंग्रजी फॉर्ममधली चूक दाखवून देण्यात पटाईत. कुणाची भाषा आकड्यात भरते आणि कुणाची विखुरली जाते, यावर या याद्या ठरतात.

मग माणसं कुणाचं ऐकतात? पाळकांचं. त्या वसंतात चर्चं बंद होती, प्रार्थना फेसबुकवरून चालायची. आमच्या तळघराच्या वर ज्यांचं चर्च आहे त्या पाळकांनी प्रवचनात लूकच्या शुभवर्तमानाचा दाखला दिला: कैसरानं शिरगणतीचा हुकूम काढला म्हणूनच योसेफ गरोदर मरीयेला घेऊन बेथलेहेमला गेला, तेव्हा जनगणनेला भिऊ नका. त्याच संध्याकाळी त्यांना एका पुंचा फोन आला. दावीद राजानंही शिरगणती केली होती, पुढे काय झालं ते शमुवेलाच्या पुस्तकात वाचा. तिथे देव कोपतो आणि मरी येते. बाहेर कोविडची साथ चालू होती. पाळक मला हे सांगताना हसले, पण म्हणाले की त्या पुंना उत्तर द्यायला त्यांना आठवडा लागला. उत्तर असं दिलं की दाविदानं माणसं मोजली ती तलवार चालवणारी. ही मोजणी शाळेसाठी, रस्त्यासाठी, दवाखान्यासाठी आहे. शिवाय इथल्या कायद्यानं एकेका घराची माहिती ७२ वर्षं कुणाला दाखवता येत नाही, पोलिसांनाही नाही. पुंनी फॉर्म भरला. सरकारी पत्रकात हा सगळा युक्तिवाद कुठे मावला असता?

फॉर्म भरायला बसलं की पुढचा पेच वंशाच्या रकान्याचा. चिनी, फिलिपिनो, भारतीय, व्हिएतनामी, कोरियन, जपानी यांना स्वतंत्र चौकोन. बाकीच्यांनी ‘इतर आशियाई’वर खूण करायची आणि ओळीवर लिहायचं. काय लिहायचं? बर्मी लिहिलं तर ज्यांच्या बंदुकीमुळे घर सोडलं त्यांच्यात जाऊन बसल्यासारखं. चिन लिहिलं तर वाचणारा चिनी समजेल ही धास्ती. ब्रह्मदेशाच्या २०१४ च्या जनगणनेत १३५ अधिकृत ‘वंश’ होते, त्यातले ५३ एकट्या चिनांचे पोटभेद, आणि रोहिंग्यांना आपलं नाव लिहायचीच परवानगी नव्हती. तिथल्या रकान्यांत एकतर तुमचे तुकडे पडत किंवा तुम्ही नाहीसे होत. इथली कोरी ओळ त्यामानानं मोठी चैन, तरी तिच्यावरून तळघरात भांडणं झालीच. एका घरात बापानं बर्मी लिहिलं, आईनं झोमी, म्हणजे तेदिमकडचे लोक स्वतःला म्हणवतात ते, आणि इथेच शिकलेल्या मुलीनं चिन. मला विचाराल तर तिघांचंही बरोबर होतं. पण इंडियानात बर्मी किती, हा आकडा ज्या कुणी नंतर काढला असेल त्याचं काय झालं असेल, देव जाणे.

‘बर्मी समाज’ ही गोष्ट खरं तर इथल्या कचेऱ्यांच्या टेबलावर तयार झाली. दोनएक तासांवरच्या फोर्ट वेनला हे अधिक जाणवतं. तिथे १९८८ चा उठाव चिरडल्यानंतर पळालेले विद्यार्थी आणि कार्यकर्ते १९९० च्या दशकात येऊ लागले. त्यांत तिथल्या बहुसंख्य बामार वंशाचे बौद्ध, मोन आणि करेन वंशाचे लोक, पुढे बर्मी मुसलमान आणि रोहिंग्याही. २०१२ च्या सप्टेंबरात आँग सान सू की त्या गावात येऊन बोलल्या, तेव्हा सगळे एकाच सभागृहात होते. पाच वर्षांनी ब्रह्मदेशाच्या रखाइन प्रांतातून लाखो रोहिंग्यांना बांगलादेशात पळावं लागलं, आणि २०१९ मध्ये त्याच बाई हेगच्या न्यायालयात आपल्या देशाची बाजू मांडायला उभ्या राहिल्या. पण फोर्ट वेनच्या शाळेच्या पालकसभेचं पत्र अजूनही ‘प्रिय बर्मी पालक’ म्हणूनच निघालं, तर एका बाकावर कोण कोणाशेजारी बसतंय याची लिहिणाऱ्याला कल्पना असेल का?

त्याच गावात २०१० मध्ये एका लाँड्रोमॅटवर, म्हणजे पैसे टाकून कपडे धुवायच्या दुकानावर, पाटी लागली होती की स्वच्छतेच्या कारणास्तव बर्मी लोकांना प्रवेश नाही. कारण पानाच्या पिचकाऱ्या. बोभाटा झाला, पाटी उतरली, माफी मागितली गेली. जिन्याच्या कोपऱ्यात पिचकाऱ्या थांबवायला देवादिकांच्या टाइल्स बसवणाऱ्या मुलखातून मी आलेली, त्यामुळे मला दोन्ही बाजू कळतात. थुंकू नका हे सांगायलाच हवं. पण ते ‘पान खाणाऱ्यांना’ सांगायचं असतं, एका देशाला नव्हे.

त्याच्या आदल्या वर्षी, २००९ मध्ये, फोर्ट वेनच्या बर्मी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण वाढलेलं सापडलं. मुलं अमेरिकेत आल्यावर वाढलेलं, म्हणून आधी संशय जुन्या घरांच्या रंगावर. केंद्राच्या रोगनियंत्रण विभागाचे लोक आले, घरोघर फिरले, आणि मुख्य बोट गेलं ‘दॉ त्वे’ नावाच्या चूर्णाकडे. लहान मुलांच्या पचनासाठी ते ब्रह्मदेशातून मागवलं जायचं, आणि त्यात शिसं आणि आर्सेनिक होतं. गालांना रोज थानाका, म्हणजे झाडाच्या सालीचा लेप, लावण्याकडेही लक्ष गेलं. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण इथे खरोखरच आजीच्या बटव्यातली वस्तू विषारी होती, आणि ती बंद करायला आजीला राजी करायचं होतं. पत्रकावर चूर्णाच्या डबीचा फोटो आणि त्यावर लाल फुली मारणं एका दुपारचं काम. पण नातवाचं पोट दुखलं की रात्री दोन वाजता आजी पत्रक बघत नाही. तिच्यासमोर बसून, तिचा चहा पिऊन, तुम्ही वाईट काही केलं नाहीत, डबी भरणाऱ्यानं केलं, हे तिच्या भाषेत सांगणारं कुणीतरी लागतं. अशी माणसं नोकरीवर ठेवायला कचेऱ्यांकडे सहसा वर्षभराचं अनुदान असतं. वर्ष संपलं की माणूस जातो, आणि आजीचा विश्वास त्या माणसावर असतो, कचेरीवर नसतो.

फोर्ट वेनच्या एका बौद्ध बाईंशी ओळख झाली तेव्हा मी रत्नागिरीची म्हटल्यावर त्या खुर्चीतून उठल्या. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि थिबा राजाला पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. तिथल्या राजवाड्यात तो १९१० मध्ये राहायला गेला आणि १९१६ मध्ये तिथेच गेला. आम्हा पोरांना तो राजवाडा म्हणजे शाळेच्या सहलीची सगळ्यात जवळची, म्हणून सगळ्यात कंटाळवाणी जागा. या बाईंनी मला समाधीबद्दल विचारलं. फुलं कोण वाहतं? गवत कोण काढतं? मी बहिणीला फोन करून फोटो मागवला. त्यांनी तो छापून देवघरात लावला. थिबाच्या नातीबद्दल, टूटूबद्दलही त्यांनी विचारलं. पहिल्या राजकन्येची ती मुलगी जवळपास जन्मभर रत्नागिरीत राहिली, मराठी बोलली, कष्टाचं आयुष्य काढून तिथेच वारली. त्यांना हे ऐकून वाईट वाटलं. मला मात्र टूटू त्या घराण्यात सगळ्यात मोकळी वाटते. राजाच्या हालचालींवर इंग्रजांचा अधिकारी नेमलेला होता, कोण आलं कोण गेलं यावर त्याची नजर. टूटूकडे कोण येतं जातं, याची पर्वा कुणाला नव्हती.

हीच थिबाची गोष्ट मी आमच्या चिन पाळकांना सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतली, मग म्हणाले, “तो आमच्या डोंगरात कधी आला नव्हता.” खरंच आहे. थिबाला पदच्युत केल्यावर इंग्रजांना चिन टेकड्या वेगळ्या मोहिमा काढून घ्याव्या लागल्या, आणि त्यांचा कारभारही वेगळ्या कायद्यानं चालायचा. चिनांचा राष्ट्रीय दिवस २० फेब्रुवारी. १९४८ मध्ये त्या दिवशी फालम गावी हजारो लोक जमले आणि वंशपरंपरेनं चालत आलेली सरदारकी मोडून लोकांनी निवडलेला कारभार हवा असा कौल त्यांनी दिला. राजा आठवायचा दिवस नाही, राजे काढून टाकल्याचा दिवस. इंडियानापोलिसला फेब्रुवारीच्या कडाक्यात तो मोठ्या सभागृहात साजरा होतो. हातानं विणलेल्या पुआनांचे, म्हणजे अंगावर घ्यायच्या वस्त्रांचे, लाल-काळे पट्टे, बांबूंच्या टाळांमधून उड्या मारत नाच, कुस्त्या, आणि मोठ्या पातेल्यात शिजलेली सबुती. मक्याचे दाणे आणि मांस तासन्‌तास शिजवून केलेलं ते पातळसर कालवण, वर मीठ-मिरची आपल्या हातानं घालायची. मी शाकाहारी, तेव्हा मला एक पी मक्याचे दाणे निवडून देते, त्यात रस्सा येतोच, आणि मी काही बोलत नाही.

दाराशी टेबल मांडून मतदार नोंदणीवाले बसतात ते याच दिवशी. नाच बघायला आलेला माणूस जाता जाता विचारतो, माझं नाव आहे का बघा. यादीत नाव आहे का हे स्वतःहून बघणारा माणूस! संस्कृती आणि नागरिकता यांची खाती अनुदानाच्या अर्जात वेगळी असतात, पण त्या सभागृहात ती एकाच रांगेत उभी असतात. २०११ मध्ये सुरू झालेली बर्मीज अमेरिकन कम्युनिटी इन्स्टिट्यूट शाळकरी मुलांना कॉलेजसाठी तयार करते, आणि तीच मुलं घरी जाऊन आईबापांना मतपत्रिका समजावतात. इंडियानात मतदान सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. गोदामात बारा तासांची पाळी असणाऱ्याला ते गाठणं अवघडच. मतदान केंद्रात मदतीला आपल्या पसंतीचा माणूस नेता येतो, मालक किंवा युनियनचा माणूस सोडून, अशी तरतूद अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात आहे. ती बहुतेकांना ठाऊक नसते. कधीकधी केंद्रावरच्या माणसांनाही नसते.

२०२० च्या नोव्हेंबरात इथे ३ तारखेला निवडणूक झाली आणि ब्रह्मदेशात ८ तारखेला. आमच्या वर्गातल्या काहींनी इथे आयुष्यातलं पहिलं मत टाकलं आणि पाच दिवसांनी गावच्या भावंडांनी तिथे टाकलं. फेब्रुवारीत लष्करानं त्या निवडणुकीचा निकाल धुडकावला, आणि कारण काय दिलं तर मतदार याद्यांत घोळ आहे. पुन्हा यादीच. त्या महिन्यात या शहरात निषेधाची तीन बोटं उंचावून मोर्चे निघाले, आणि त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चिन प्रांतातलं थांतलांग गाव जळालं. वर्गातले तीन-चार जण त्या गावचे. एका पुंनी फोनवर उपग्रहाचा फोटो मोठा करून काळ्या चौकोनांमधला आपला चौकोन दाखवला.

तिथून सुटलेले हजारो मिझोराममध्ये आले. मिझो लोकांनी त्यांना घरात घेतलं. केंद्रानं २०२३ मध्ये त्यांचे बोटांचे ठसे वगैरे गोळा करायला सांगितले, तेव्हा आयझॉलच्या मंत्रिमंडळानं नकार दिला. ती माहिती फिरून लष्कराच्या हाती पडली तर, ही भीती होती. इथे वर्गात ही बातमी सगळ्यांना माहीत होती. माझ्या देशाची बातमी मला त्यांच्याकडून कळली.

इतकी वर्षं मी एकच पालुपद लावत आले: ही यादी वेगळी आहे, हिला भिऊ नका. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेनं निर्वासितांना आणण्याचा कार्यक्रम थांबवला. जूनमध्ये ज्या देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी झाली त्यांच्या यादीत ब्रह्मदेश आला. मलेशियात वर्षानुवर्षं थांबलेली भावंडं, लग्न ठरलेल्या मुली, सगळं जिथल्या तिथे. त्यानंतरच्या शनिवारी जे अनेक वर्षं इथले नागरिक आहेत त्यांनीही मला विचारलं, पत्ता बदलल्याचं सरकारला कळवायलाच हवं का? कायद्याचं उत्तर मला माहीत आहे. पण ते देताना पूर्वीसारखा ठाम आवाज निघत नाही, आणि समोरच्यांना ते ऐकू येतं. दारामागे गप्प बसलेल्या त्या माणसांना भाबडी म्हणणं मी सोडून दिलंय.

त्या वर्षीच्या २० ऑक्टोबरपासून नागरिकत्वाची परीक्षाही बदलली. आधी शंभर प्रश्नांची यादी, त्यातले दहा विचारत, सहा बरोबर आले की पास. आता १२८ प्रश्न, वीस विचारतात, बारा बरोबर हवेत. ‘कायद्याचं राज्य म्हणजे काय’ हा प्रश्न मात्र जुनाच, आणि त्याचं एक मान्य उत्तर असं की कायद्यापेक्षा कुणीही मोठा नाही. वर्गात हे उत्तर सगळ्यांचं पाठ आहे.

वर्गातली एक पी ग्रीन कार्डावर पंधरा वर्षं पूर्ण व्हायची वाट बघत होती. वय ५५ च्या वर आणि ग्रीन कार्डाची पंधरा वर्षं झाली की परीक्षा आपल्या भाषेत देता येते. ती झाली, तोवर हे सगळं बदललं. मुलगी म्हणते थांब, आत्ता अर्ज म्हणजे आपण होऊन फाइल उघडायला लावणं. पाळक म्हणतात भर, नागरिक नसण्यात जास्त धोका. शेवटी पीनंच ठरवलं आणि गेल्या महिन्यात आम्ही चौघं तळघरात एन-४०० हा नागरिकत्वाचा अर्ज घेऊन बसलो.

नावाशीच अडलो. या अर्जात नाव बदलून घेता येतं. तेदिमकडच्या नावांत आडनाव नसतं. आजीच्या किंवा आजोबांच्या नावाचं शेवटचं अक्षर घेऊन नातवंडाचं नाव सुरू करायचं. अमेरिकेनं प्रत्येकाच्या नावाचा शेवटचा तुकडा आडनाव म्हणून उचलला, त्यामुळे एका घरात पाच माणसं आणि पाच आडनावं, आणि विमानतळावर दरवेळी तेच प्रश्न. मुलीचं म्हणणं, आता सगळ्यांचं एकच करून टाकू. पी म्हणाली, माझ्या नावाच्या शेपटापासून तुझ्या पोरीचं नाव सुरू होतं, ते कापून दुसरीकडे कुठे चिकटवू? नाव तसंच राहिलं.

मग आली होय-नाहीच्या प्रश्नांची रांग. कधी कुठल्या सशस्त्र गटाला कुठल्याही प्रकारे मदत केली आहे का? मुलीनं वाचून न दाखवताच ‘नाही’वर पेन नेलं. पीनं तिचा हात धरला आणि विचारलं, काय विचारलंय? सांगितल्यावर म्हणाली, तांदूळ दिला होता. डोंगरात लपलेली पोरं रात्री यायची. एकेकाळी याच तांदळावरून हजारो चिन आणि करेन लोकांचे अर्ज अडकले होते. ११ सप्टेंबरनंतरच्या कायद्यांत जेवण देणं हीसुद्धा दहशतवादाला मदत ठरत होती. २००७ च्या अखेरीस अमेरिकी काँग्रेसनं चिन नॅशनल फ्रंट, करेन नॅशनल युनियन अशा काही संघटनांची नावं घालून त्यांना त्यातून वगळलं. पण पीकडे आलेली पोरं नेमकी कुठल्या संघटनेची, हे तिनं तेव्हा विचारलं नव्हतं. अंधारात बंदूक घेऊन आलेल्याला कोण विचारतं?

मुलगी म्हणाली, लिहू नकोस. पाळक म्हणाले, लिही, खोटं सापडलं तर सगळंच जाईल. मी प्रश्नासमोर पेन्सिलनं खूण केली. पुढच्या शनिवारी एक वकीलबाई फुकट सल्ला द्यायला येणार आहेत, त्यांना हे आधी विचारायचं.

पी म्हणाली, “पोती किती, तेही लिहायचंय का? मला नीट आठवत नाही.”